धोट्याचा डोळा

धोटा हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. कठीण लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी नाक, मधे लांबट पोकळी. या पोकळीत आडव्या सुताची कांडी बसते आणि कुशीला एक बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणायचं. कांडीवरचं सूत त्या डोळ्यातून बाहेर आल्याशिवाय धोटा धावत नाही. जुन्या धोट्यांत ते बाहेर काढायची झटपट रीत एकच होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुताचं टोक जिभेवर येतं. कांडी संपली की पुन्हा तेच, पाळीभर.

लँकेशायरचे माग मुंबईत आले, तशी ही रीतही आली. तिकडे मागावर बहुतेक बाया असत आणि त्या याला धोट्याचा मुका म्हणत. सुताची धूळ आणि तेल तोंडात जायचं, दात खराब व्हायचे, एकीचा आजार दुसरीला लागेल अशी भीती असायची. त्यावर तक्रारी झाल्या, सरकारी चौकशी झाली. मुंबईत मागासमोर पुरुष उभे राहिले, देशावरचे-कोकणातले मराठे आणि उत्तरेकडचे मोमीन. इथे थुंकीतून रोग जातो का, हे कुणी फारसं विचारलं नाही. थुंकीतून जात जाते, याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती, त्यामुळे चौकशीचीही गरज पडली नाही.

म्हणून माझा आजा जन्मभर रिंग खात्यात राहिला.

रिंग खातं म्हणजे कताई. खेड तालुक्यातला महाराचा पोरगा मुंबईला आला की त्याला जागा ठरलेल्या होत्या: कताईचं खातं, नाहीतर गोदी, नाहीतर झाडलोट. साचेखातं, म्हणजे विणाई, त्याला बंद. कमाई तिथे जास्त, कारण साचेवाल्याला विणलेल्या कापडावर पैसे मिळत. दाराला कुलूप नव्हतं, भिंतीवर पाटी नव्हती. आजा म्हणायचा, "पाटी आसती तर फाडून टाकली आसती. पाटी नाय, तीच तर पंचाईत."

डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत, रात्री जेवणं आटोपली की गॅलरीत त्याची बैठक बसायची. विडी पेटवायची, दोन झुरके घ्यायचे आणि मग अट्ठावीसचा संप. साचेखात्यात एक दिवसही काम न केलेला हा माणूस सूत ओढायची नक्कल अशी हुबेहूब करायचा, की खालच्या मजल्यावरचे साताऱ्याकडचे साचेवाले काका मान डोलवायचे. हे काका निवृत्तीनंतर आमच्या गॅलरीत यायचे. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, समोरच्याचे ओठ वाचून ते बोलायचे. एकदा मला म्हणाले, "तुझा आजा माझ्यापेक्षा चांगला साचेवाला झाला असता." आजानं ते ऐकलं आणि दुसरी विडी पेटवली.

तर १९२८चा संप. एप्रिलात सुरू झाला, ऑक्टोबरात मिटला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. आजा तेव्हा दहा वर्षांचा. त्याचा बाप गिरणीत, घरात दाणा नाही, म्हणून पोरांना गावाला धाडलं. गावाला खोत. खोताच्या अंगणात पोरांनी फुकटची वेठ करायची आणि मुंबईत बापानं भांडवलशाहीविरुद्ध संप करायचा, असा तो पावसाळा. आजाची गोष्ट मात्र मागण्यांच्या यादीपाशी थांबायची. त्या यादीत सगळं होतं, पण साचेखात्याचं दार नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं की ही मागणी घातली नाहीत, तर आमच्या लोकांना संपात राहू नका असं सांगेन. मागणी घातली गेली, नाखुशीनं. मालकांपुढे यादी गेली तेव्हा या एका मागणीवर त्यांचं उत्तर तयार होतं: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही.

इथे आजा हसायचा. लहानपणी मला ते हसू कळायचं नाही. मालकाचा राग यायला हवा होता ना? आजा म्हणायचा, "खरंच बोलला गो तो. खोटं काय बोलला?"

ते उत्तर मी पुढे कित्येक वर्षं वर्गात फळ्यावर लिहिलं, कारण त्याच्याएवढा चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. मालक म्हणतो, कामगारच बसू देत नाहीत. कामगार म्हणतो, भरती जॉबर करतो. जॉबर म्हणतो, मी घेईन, पण साचेवाले काम टाकून जातील. साचेवाला म्हणतो, मी कुणाला अडवतोय, रीतच आहे. एवढ्या सगळ्यांचे हात स्वच्छ आणि दार बंद. नफ्याचा हिशोब मात्र मालकाच्या वहीत. दोन खात्यांतले कामगार एकमेकांच्या हातचं पाणी पीत नाहीत, तेव्हा मालकाला त्यांच्यात वेगळी फूट पाडावी लागत नाही.

या धड्याच्या जवळ जाणारा एक निबंध १९३७ साली जर्मन तत्त्वज्ञ मॅक्स हॉर्कहायमरनं लिहिला, पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतातला फरक सांगणारा. फ्रँकफर्टची त्याची संस्था नाझींमुळे देशोधडीला लागून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाला आली होती, त्याच कोलंबियात, जिथे वीस वर्षांपूर्वी बाबासाहेब शिकले. निबंधाचा गाभा थोडक्यात असा: समोर दिसतं ती 'वस्तुस्थिती' म्हणून मोजत बसणारा अभ्यासक, ती परिस्थिती कुणी घडवली हे विचारत नाही आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत हेही विचारत नाही. चिकित्सेनं हे दोन्ही विचारायचं. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागायचं आणि गँगमन म्हणूनच घरी जायचं, असं आयुष्य असलेली माणसं समोर बसली होती. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणसं नव्हेत, स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्याच जातींत मुरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. हॉर्कहायमर वाचायला मला तीन आठवडे लागले. मनमाडचं भाषण आजाला तोंडपाठ होतं.

त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र. आजा वीस वर्षांचा, समता सैनिक दलाची काठी हातात. तो दिवस सांगताना त्याचा आवाज चढायचा. साचेवाले आणि रिंगवाले खांद्याला खांदा लावून, वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी? मी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, साचेवाले साचेखात्यात गेले, आम्ही रिंगला.

आमच्या घरात एक माणूस साचेखात्यात शिरलाही होता. आजाचा चुलतभाऊ. आडनाव फिरवलं, गाव दुसराच सांगितला, जॉबरला पैसे चारले आणि लागला. चांगला रुळला. त्याला पकडून दिलं ते गावच्याच कुणीतरी. रजेवरून परत आलेल्या एका मराठ्यानं खात्याच्या दारात त्याला पाहिलं आणि हाक मारली, खऱ्या नावानं, प्रेमानं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसावं असं आजाचं मत होतं. मार पडला तो पडलाच. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा आमच्या मजल्यावर तो हातोहात फिरला. चुलत आजानं मात्र वाचायचं नाकारलं.

इतकं सगळं मी आजाच्या तोंडून ऐकलं आणि इतिहास म्हणून जपून ठेवलं. आजी त्या वेळी आत भांडी घासत असायची. तिच्याकडे जायचं सुचलं ते एका पुस्तकामुळे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली निघालं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून केलेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पुस्तक घेऊन आजीपुढे बसले आणि विचारलं, "तू कुठं होतीस?"

आजी म्हणाली, "रिळिंगला."

मला ठाऊकच नव्हतं. आजी गिरणीत होती, हे आजानं एवढ्या रात्रींत एकदाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. गोष्टीत तिची जागाच नव्हती.

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत शंभरांत वीसहून जास्त बाया होत्या. त्या रिळिंगला आणि वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत. मागावर बाई नाही. लँकेशायरात जे बायांचं काम, ते इथे पुरुषाचं, आणि दोन्हीकडे लोक ठामपणे सांगत की निसर्गानंच तसं नेमून दिलंय. यंत्र तेच, धोटा तोच. बायांवर नाईकीण असायची, म्हणजे बायकांची जॉबर. आजीची नाईकीण मराठीण होती. पगाराच्या दिवशी तिचा हात ओला करायचा. गावाहून आलं की तिच्यासाठी सुकट आणायची. खात्यात पाण्याचं पिंप होतं, आजीनं त्याला हात लावायचा नाही, कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबायचं. आजी म्हणाली, "सुकट चालायची, पाणी नाय चालायचं." आणि स्वतःच खूप हसली.

बाळंतपणाचा किस्सा तिनं हसत सांगितला नाही. १९२८ साली मुंबई कौन्सिलात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, बाबासाहेबांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, खर्चाचा भार खरं तर सरकारनं उचलावा, पण तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकानंही वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा. १९२९मध्ये कायदा झाला. आजाच्या गोष्टींत हा कायदा आहे, बाबासाहेबांच्या उपकारांच्या यादीत. आजीच्या गोष्टीत त्याच्या पुढचं आहे. पैसे मिळायचे तर काही महिन्यांची सलग नोकरी भरलेली हवी. नाईकिणीची नजर पोटावर. भरत आलेल्या बाईचं नाव मस्टरवरून अगदी वेळेवर उडायचं. माझ्या थोरल्या काकाच्या वेळी आजीनं पोट आवळून बांधलं, कुणाला कळू दिलं नाही, आणि बाळंत होऊन आठवड्याच्या आत हजर झाली. दुसऱ्या वेळी कळलं. नाव गेलं. मग बदली कामगार, मग तेही नाही. रिळिंगच आटत चाललं होतं. रात्रपाळीला बाई चालत नाही, बाईला प्रसूतीचे पैसे द्यावे लागतात, बाईच नको. १९७०च्या दशकापर्यंत गिरण्यांत बाया फारच थोड्या उरल्या.

नोकरी गेलेल्या मराठा बाया काय करायच्या? खानावळ घालायच्या. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायचं आणि महिन्याला पैसे घ्यायचे. आजीला स्वयंपाक येत होता. जेवणार कोण होतं? "आमच्या हातचं मराठ्यांना चालत नाय. आमच्या माणसांच्या खिशात खानावळीचे पैसे नाय." ती इमारतींच्या कामावर बिगारी म्हणून गेली. डोक्यावर घमेलं आणि पाठीला माझा बाप.

आता अमेरिकेतला एक खटला सांगते, कारण आजीचं ऐकल्यावर तो मला फार ओळखीचा वाटला. जनरल मोटर्सवर पाच काळ्या स्त्रियांनी दावा लावला. १९६४पूर्वी या कंपनीनं एकही काळी बाई घेतली नव्हती. पुढे मंदी आली, शेवटी लागलेल्यांना आधी काढायचं ठरलं आणि १९७०नंतर लागलेल्या काळ्या बाया सगळ्या गेल्या. १९७६ साली न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं बाया घेतल्या होत्या, तेव्हा बाई म्हणून अन्याय नाही. वंशाचा प्रश्न असेल तर काळ्या पुरुषांचा वेगळा दावा चालू आहे, त्यात जा. दोन्ही जोडून तिसराच हक्क मागता येणार नाही. घेतलेल्या बाया गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. काळे होते ते पुरुष आणि कारखान्यात होते. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ साली हा निकाल उलगडून दाखवला आणि आंतरछेदिता ही कल्पना मांडली: चौकात चारी बाजूंनी गाड्या येतात, मधे सापडलेल्या बाईला कुठल्या गाडीनं ठोकलं हे सिद्ध करता येत नाही, म्हणून अपघातच झाला नाही असं ठरतं.

तेच वर्ष, ज्या वर्षी मी आजीपुढे पुस्तक घेऊन बसले. आमच्या गिरणीला विचारा, महार घेता का? घेतो की, रिंग खात्यात. बाया घेता का? घेतो की, रिळिंगला. मग तक्रार कसली?

आजी बोलत होती तेव्हा आजा दारात येऊन उभा राहिला. थोडं ऐकून म्हणाला, "तिला काय कमी केलं मी?" पगाराचं पाकीट आजी त्याच्या हातात द्यायची, हे मला तेव्हाच कळलं होतं. आजा मनुस्मृतीवर तासभर बोलू शकायचा. २५ डिसेंबर १९२७ला महाडात ती जाळली गेली, तेव्हा त्याचा चुलता तिथे होता. बाबासाहेबांनी अगदी विद्यार्थिदशेत, १९१६च्या निबंधात, जात टिकते ती बाईवरच्या बंधनांनी, असं दाखवलं होतं: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. स्वतःच्या जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नसेल तर बाईला आवळून ठेवावंच लागतं. आजाला निबंधाचं नाव माहीत होतं. पाकिटाशी त्याचा संबंध त्याला दिसत नव्हता. मला वाटतं, दिसला असता तर त्यानं प्रामाणिकपणे मान्य केला असता. त्याला तो दाखवणारं त्याच्या गॅलरीत कुणी बसत नव्हतं.

त्याच्या सगळ्यात आवडत्या गोष्टींपैकी एक नागपूरची. जुलै १९४२, अखिल भारतीय दलित वर्ग परिषद. आजा कर्ज काढून गेला होता. २० तारखेला तिथे दलित महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आजा सांगायचा, "वीस-पंचवीस हजार बाया, एकसारख्या धुवट लुगड्यांत, बाबासाहेब डोळे भरून बघतायत." माझी ती आवडती गोष्ट होती. त्या दिवशी आजी आतून म्हणाली, "त्यांत मी नव्हते." घरी तीन पोरं होती.

गोपाळ गुरूंचा दलित स्त्रिया वेगळं का बोलतात हा लेख १९९५चा, आणि त्याला जोडून वाद पुढे नेणारा शर्मिला रेगे यांचा दलित स्त्रीवादी भूमिकेवरचा लेख १९९८चा. गुरूंनी दाखवलं की सवर्ण स्त्रीवाद या बायांच्या वतीनं बोलतो आणि दलित पुरुषही त्यांच्या वतीनं बोलतात, म्हणून त्यांनी स्वतः बोलणं अटळ होतं. रेग्यांनी पुढे एक अवघड गोष्ट मांडली. ही भूमिका जन्मानं मिळणारं आडनाव नव्हे, ती कष्टानं घडवावी लागते. जन्मानं दलित नसलेल्यांनाही आपली जुनी ओळख मोडून तिथवर येता येईल. यावर पुष्कळ भांडणं झाली. मला त्यात जास्त भावलं ते दुसरं टोक: जन्मानं तिथे असलेल्यालाही ती आयती मिळत नाही.

मारी मात्सुदा नावाच्या विदुषीनं १९९१ साली एक साधी पद्धत सुचवली. समोर वंशवाद दिसला तर विचारा, यात पुरुषसत्ता कुठे आहे. पुरुषसत्ता दिसली तर विचारा, यात भिन्नलिंगी संबंधांची सक्ती कुठे आहे. समलैंगिकांचा द्वेष दिसला तर विचारा, यात वर्ग कुठे आहे. प्रत्येक वेळी दुसरा प्रश्न. मला हा सगळा सिद्धांत या एका सवयीत सामावलेला वाटतो. त्याचं हल्ली जे झालंय ते पाहवत नाही. चर्चासत्रात ओळख करून देताना प्रत्येक जण आपापल्या अस्मितांची यादी वाचतो, जखमांची बेरीज होते, टाळ्या पडतात आणि त्याच सभागृहाबाहेर चहाचे कप उचलणाऱ्या बाईला महिन्याचे किती मिळतात हे कुणी विचारत नाही. दुसरा प्रश्न स्वतःच्या गोष्टीला विचारायचा असतो.

म्हणून मी आजीच्या गोष्टीलाही तो विचारला. आमच्या चाळीत वीस खोल्यांच्या मजल्याला सामाईक संडास. ते साफ करायला महापालिकेची एक मेहतर बाई यायची, काठेवाडी बोलीची. आजी तिला भाकरी द्यायची. वरून टाकायची, पदरात. ज्या बाईनं पिंपापाशी ओंजळ धरून दिवस काढले, ती. १९५६ला धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आणि वरून टाकणं थांबलं. ताटलीत देऊ लागली. ताटली वेगळी ठेवलेली होती. मी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "ती येगळी माणसं, बाय," आणि विषय तिथेच संपवला. आमच्यात आणि मातंगांच्या चाळीत रोटीव्यवहार किती आणि बेटीव्यवहार किती, हेही मी विचारलं. त्यावर तर तिला ऐकूच आलं नाही.

श्रेणीबद्ध विषमता असं बाबासाहेब म्हणत ते याला. नुसती वर आणि खाली अशी दोन माणसं असती तर खालचा कधीच उठला असता. इथे प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, त्यामुळे जिना मोडायला कुणी मनापासून तयार नसतं. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिनं बाळंत होणारी, डोक्यावर छप्पर नसलेली बाई नेमकी पाहिली, आणि तिनंच हेही नोंदवलं की ब्राह्मणांनी महारांना वर आणि मांगांना खाली असं शिकवून ठेवलंय. दुसरा प्रश्न आणि तिसराही, एका निबंधात. क्रेनशॉच्या एकशे चौतीस वर्षं आधी. मी हे अभिमानानं सांगत नाही. एवढ्या लवकर कळलेली गोष्ट आमच्या मजल्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागला, हे मला कुणाला तरी विचारायचंय.

१९७४च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली. दलित पँथरच्या मोर्च्यावर वरून दगड पडले, भागवत जाधव गेला. आम्ही डिलाईल रोडला. साचेवाले काका त्यानंतर बरेच दिवस गॅलरीत आले नाहीत. मग एका रात्री आले, आजानं सरकून जागा दिली. त्या दिवसांबद्दल दोघांपैकी कुणीही पुढे कधी गोष्ट सांगितली नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. काकांचा मुलगा साचेखात्यातला, माझा काका तोवर त्याच साचेखात्यात. धोटे बदलले होते, तोंड लावायची गरज उरली नव्हती, दार उघडलं होतं. माझ्या काकाला तिथे जेमतेम चार वर्षं मिळाली.

आजी गेल्यावर मी त्या मेहतर बाईला शोधून काढलं. सफाई कामगारांच्या वसाहतीत एका खोलीत राहते. खूप म्हातारी झालीय, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. आजीची आठवण? "होती ना. भाकरी जाड करायची." ताटली? "हां, चेपलेली, जर्मनची." राग? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी वहीतून खोडला. मग ती युनियनबद्दल बोलू लागली. मैला डोक्यावरून वाहायचे दिवस, टोपली बंद कशी झाली, पगारवाढीसाठी महापालिकेच्या दारात बायांनी कसं धरणं धरलं. सांगताना तिचा आवाज चढला, अगदी आजासारखा. खोलीचं गणित तिनं सहज सांगून टाकलं. वसाहतीतली खोली नोकरीशी बांधलेली. नोकरी वारसाला मिळते, लाड-पागे समितीच्या शिफारशीमुळे, ही मोठी लढून मिळवलेली गोष्ट. पण खोली टिकवायची तर घरातल्या कुणीतरी झाडू धरायलाच हवा. मुलगा दारूत गेला. आता झाडू सुनेकडे आहे.

सून तिथेच होती. पाळी संपवून आलेली, गणवेश अजून अंगावर, मोरीपाशी बसून तांदूळ निवडत होती. बारावी झालेली आहे, हे सासूनंच कौतुकानं सांगितलं. बाई दीड तास बोलली, सून एक शब्द बोलली नाही. निघताना मी तिला विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं काय?"

तिनं सासूकडे एकदा पाहिलं आणि मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मंगळवारी त्या दवाखान्यात जातात. तेव्हा या."